देवघर सोडून बाकी सगळं

"तुम्ही इथेच थांबा. मिस्त्रीला आत पाठवा."

खारघरचा फ्लॅट. वरचा मजला. हॉलच्या खिडकीतून टेकडी दिसते. त्या हॉलचं सीलिंग मी केलेलं, टीव्हीमागची भिंत मी केलेली, पायाखालच्या फरशीचा रंगही मीच निवडून दिलेला. त्याच हॉलमध्ये मला थांबायला सांगितलं गेलं.

सांगणाऱ्या बाई म्हणजे त्या घरातल्या सासूबाई. साठीच्या पुढच्या, नीटनेटक्या, हसऱ्या. रोज साइटवर गेले की आल्याचा चहा करून द्यायच्या. त्या दिवशी चहा नव्हता. आवाजात राग नव्हता. उद्या दूध नको म्हणून दूधवाल्याला सांगावं, तसा आवाज.

मी म्हटलं, "काकू, ती भिंत लाइनीत नाहीये. देवघराची जाळी बसवायच्या आधी मला माप बघावं लागेल."

"मिस्त्री बघेल."

"तो बसवेल. माप मी घेते."

"नको म्हटलं ना."

किचनच्या दारात त्यांची सून उभी होती. वैशाली. माझ्याच वयाची, आयटी कंपनीत मोठ्या पदावर. काम तिने दिलेलं. कपाटांच्या हँडलचे फोटो आम्ही दोघी एकमेकींना पाठवायचो, हसायचो, भांडायचो. मी तिच्याकडे बघितलं. ती फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "प्लीज, समजून घ्या ना. मम्मी देवाच्या बाबतीत खूप पर्टिक्युलर आहेत. बाकी सगळं तुम्हीच करा. डिझाइनपण तुमचंच राहू दे, छान झालंय. फक्त देवघराला तुम्ही हात नका लावू."

डिझाइन तुमचंच राहू दे. हात नका लावू.

आदल्या दिवशी सासूबाईंनी सहज विचारलं होतं, "आडनाव काय हो तुमचं? इतके दिवस येताय, विचारायचंच राहिलं." मी सांगितलं. मग गाव विचारलं. परभणीकडचं गाव, तेही सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि आत गेल्या. असलं 'अच्छा' आमच्या लोकांना लहानपणापासून ओळखता येतं. तरी मी घरी जाऊन स्वतःला समजावलं होतं, की नाही, एवढं काही नसेल. चौदा-पंधरा मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये राहणारी माणसं आहेत.

रामसमुझ मिस्त्री माझ्याजवळ आला. यूपीचा, माझ्याकडे बरीच वर्षं काम करणारा. चपला काढून दाराशी ठेवल्या त्याने. खाली बघत हळूच म्हणाला, "मैडम, क्या बोलूँ मैं?"

मी म्हटलं, "जाओ. लगा दो."

तो गेला. दार अर्धं लोटलं गेलं. आतून ड्रिलचा आवाज यायला लागला. त्या जाळीतली एकेक नक्षी मी कॉम्प्युटरवर बसून काढली होती. दिव्याचा धूर वर कुठून जाईल, समईचं तेल कुठे सांडेल, म्हाताऱ्या बाईला वाकून बसायला किती उंची बरी पडेल, सगळं विचार करून. माझ्या घरात देव नाहीत. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे. तरी मी त्या बाईच्या गुडघ्यांचा विचार केला होता. तिने माझ्या हातांचा केला.

ड्रिल थांबेपर्यंत मी तिथे उभी होते. हातात मापाची टेप. ती उघडत होते, सोडत होते. उघडत होते, सोडत होते. वैशाली म्हणाली, "तो आवाज थांबवता का जरा? डोकं दुखतंय."

मी टेप पर्समध्ये टाकली.

हे काम मला कसं मिळालं ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सीवूड्सच्या एका हॉटेलात दर बुधवारी सकाळी धंदेवाल्यांची मीटिंग भरायची. नेटवर्किंग म्हणतात त्याला. एका धंद्याचा एकच मेंबर. एक सीए, एक वकील, एक प्लंबिंगवाला, एक ट्रॅव्हलवाला, एक इंटिरिअरवाली. ती मी. प्रत्येकाने उभं राहायचं, आपलं काम थोडक्यात सांगायचं, वेळ संपली की घंटा वाजते, बसायचं. मग इडली, मग ओळखी. एकमेकांना कामं मिळवून द्यायची. काम मार्गी लागलं की ज्याने ते दिलं त्याचे बुधवारी सगळ्यांसमोर आभार मानायचे. बाकी आठवडाभर व्हॉट्सॲप ग्रुप. वाढदिवस, गुड मॉर्निंग, "कुणाच्या ओळखीत चांगला गायनॅक आहे का."

मला ती जागा फार कष्टाने मिळाली होती. माझे वडील तुर्भ्याच्या केमिकल कंपनीत कामगार होते. आम्ही जुईनगरला दोन खोल्यांत राहायचो, आई अजून तिथेच राहते. माझ्या घरात कुणी धंदा केला नव्हता. कुणाला फोन करावा, कुणाच्या काकाचा बिल्डर मित्र आहे, हे आम्हाला कुठून असणार? आमच्या काकांचे मित्र म्हणजे कंपनीतल्या पाळीवरचे. म्हणून त्या हॉटेलातल्या गोल टेबलाशी पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं, दार उघडलं. तिथे सगळे एकमेकांना नावाने बोलवायचे आणि पुढे सर किंवा मॅडम लावायचे. आडनाव कुणी विचारलं नव्हतं. विचारत नाहीत म्हणजे मानत नाहीत, असा मी अर्थ लावला.

त्या ग्रुपचे अध्यक्ष अभिजित सर. सीए. सीवूड्सलाच ऑफिस. वैशाली त्यांची मामेबहीण. तिचं काम मला त्यांनी दिलं होतं.

देवघराच्या नंतरचा बुधवार आला. अभिजित सर माइकवर म्हणाले, "काही महिन्यांपूर्वी मी मॅडमना एक मोठं काम मिळवून दिलं होतं. आता मॅडम दोन शब्द बोलतील."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. म्हटलं, "अभिजित सरांचे मनापासून आभार. काम छान चाललंय."

टाळ्या. फोटो. तो फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी माझा चेहरा मोठा करून बघितला. मी हसत होते.

नाश्त्याच्या टेबलाशी मी त्यांना बाजूला घेतलं आणि झालं ते सांगितलं. सगळं. त्यांचा चेहरा पडला, खोटं नाही सांगत. म्हणाले, "अरे! सॉरी हां. खूपच वाईट झालं. पण जुनी माणसं आहेत मॅडम, त्यांना आता काय बदलणार? ज्याची त्याची श्रद्धा. तुम्ही मनावर घेऊ नका." मग माझ्या खांद्याजवळ वाकून, मोठा विश्वास टाकल्यासारखं म्हणाले, "आणि खरं सांगू? तुमच्याकडे बघून वाटतच नाही."

"काय वाटत नाही?"

"म्हणजे... कळलं ना तुम्हाला."

कळलं. त्यांच्या मते ही शाबासकी होती. माझे कपडे, माझी भाषा, माझं काम, माझी गाडी, हे सगळं बघून त्यांनी मला माझ्याच लोकांमधून बाहेर काढलं होतं आणि वर मी त्यांना थँक्यू म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती.

मी म्हटलं नाही. पण दुसरंही काही म्हटलं नाही. प्लेटमध्ये चटणी घेतली.

आईला सांगितलं त्याच दुपारी. ती मेथी निवडत बसली होती. चाळीस वर्षं नवी मुंबईत काढली तरी तिची बोली परभणीचीच आहे. मी सांगत होते आणि माझे डोळे भरून येत होते. ती निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मग रडायलीस कशाला?"

"आई, त्यांनी मला आत येऊ दिलं नाही."

"देवाच्या खोलीत?"

"हो."

"आपून देव सोडून जमाना झाला. तुझ्या आज्यानं टोपलीत भरून नदीत सोडले. आन तू त्यांच्यासाठी रडायलीस व्हय?"

"देवासाठी नाही गं. माझं काम होतं ते. मी काढलेलं. माझ्या कामाला मीच हात लावायचा नाही?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "मंग तसं त्यांला म्हन की. मला काय सांगायलीस? मला ठावं हाय समदं. मी जल्मापासून बघायले. ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांग."

मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तिने मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

प्रज्ञा माझी कॉलेजची मैत्रीण. नेरुळला तिची रक्त तपासायची लॅब आहे. ती किती दिवस माझ्या मागे लागली होती, "अगं, आपल्या लोकांचं ऑनलाइन नेटवर्क आहे, ये ना." आपले म्हणजे बौद्ध, मातंग, चर्मकार, सगळे. नागपूर, लातूर, महाड, पुणे, दुबईत गेलेले दोघं-तिघं. रविवारी सकाळी व्हिडिओवर भेटायचं, मधल्या दिवसांत ग्रुपवर बोलायचं. कुणाला माल हवा, कुणाला माणूस हवा, कुणाला बँकेत कसं बोलायचं ते हवं. मी टाळत होते. मला वाटायचं, आपल्याच माणसांत काम शोधायचं तर एवढी बाहेर कशाला आले?

त्या रविवारी मी लिंक उघडली.

पडद्यावर चौकटी. कुणाच्या मागे लॅबची कपाटं, कुणाच्या मागे वेल्डिंगचं शेड, कुणाचा मुलगा मधूनच डोकावतोय. एकेकाने ओळख द्यायला सुरुवात केली. आणि मला पहिला धक्का बसला तो आडनावांचा. प्रत्येक जण आडनाव घेत होता. नुसतं घेत नव्हता, ठासून घेत होता. पूर्ण नाव, गाव, तालुका, "जय भीम", मग धंदा. तळोज्यात आग विझवायच्या यंत्रांचं काम करणारा एक जण म्हणाला, "दुकानावर मी आडनाव लावत नाही. इथे लावतो."

सगळं गोड नव्हतं तिथे. एक जण काम घेऊन वेळेत देत नाही म्हणून दुसरा त्याच्यावर उखडला. नागपूरच्या एका साहेबांनी फार लांबण लावली. एक पोरगी म्हणाली, "इथे फक्त धंद्याचं बोला, रडगाणी नकोत, प्लीज." माझी पाळी आली. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, धंद्याचं सांगायच्या ऐवजी देवघराचं सांगून टाकलं.

मला वाटलं, चूक केली.

मग लातूरचा एक फॅब्रिकेटर, पन्नाशीचा माणूस, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, एकदम हसला. कडू हसला. म्हणाला, "ताई, मी गावच्या देवळाचा कळस बनवून दिला. पितळेचा. माझ्या शेडमध्ये, ह्या हातांनी. चढवायच्या दिवशी मला म्हणले, तू खाली थांब, फोटो काढ." त्याने कपाळावरचा चष्मा काढून ठेवला. "मी काढले फोटो. चांगले आलते."

रडगाणी नकोत म्हणणाऱ्या पोरीने आपला माइक चालू केला. मग ती म्हणाली, "माझं पण एक आहे." मग अजून एक जण. मग अजून एक. त्या सकाळी धंद्याचं काहीच झालं नाही. पण मी लॅपटॉप बंद केला तेव्हा मला रडू येत नव्हतं. मला राग आला होता. स्वच्छ राग. इतके दिवस माझ्यापुरतं वाटत होतं ते माझ्यापुरतं नव्हतं. इतक्या जणांना वेगवेगळ्या दारांत उभं केलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच कुठेतरी कमी पडलो.

मी जात राहिले. महिन्याभराने नेटवर्कने नव्या लोकांसाठी मोठी ऑनलाइन सभा ठेवली. पोस्टर बनवलं. 'अनुसूचित जाती आणि बौद्ध उद्योजकांचं व्यासपीठ' असं स्पष्ट लिहिलेलं. बोलणाऱ्यांत माझा फोटो होता. मी ते स्टेटसला ठेवलं.

दुपारपर्यंत अभिजित सरांचा फोन. "मॅडम, संध्याकाळी मॉलमध्ये कॉफीला भेटू शकाल? थोडं अर्जंट आहे."

गेले. सोबत ग्रुपच्या कमिटीतल्या एक बाई होत्या, त्या पूर्ण वेळ कपातलं ढवळत राहिल्या. सरांनी आधी मुलांची चौकशी केली. मग फोन पुढे केला. त्यावर माझं पोस्टर.

"हे तुम्ही टाकलंय?"

"हो."

"मॅडम, आपल्या ग्रुपमध्ये जात-धर्म-राजकारण चालत नाही, तुम्हाला माहितीये. काही मेंबर्स नाराज आहेत. आपण सगळे एक आहोत, आणि तुम्ही असा जातीचा ग्रुप..."

मी त्यांच्या कोटाकडे बघितलं. त्यावर एक बिल्ला होता. त्यांच्या समाजाच्या जागतिक व्यापार परिषदेचा. ते तिथले पदाधिकारी होते. बुधवारच्या मीटिंगमध्ये त्या परिषदेची पत्रकं वाटली गेली होती. मलाही मिळालं होतं एक.

मी बोट केलं. "सर, हे काय आहे मग?"

"हे? हे वेगळं. हे समाजाचं आहे."

"आणि आमचं?"

ते अगदी सहज म्हणाले. विचारही करावा लागला नाही. "तुमचं जातीचं होतं ना."

ढवळणाऱ्या बाईंचा चमचा थांबला. त्यांना कळलं असावं. सरांना नाही कळलं. त्यांच्याकडे चार माणसं जमली की समाज. आमच्याकडे जमली की जात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, श्वास घ्यायला कुठे कुणी शिकवतं?

ते पुढे बोलत राहिले. पुढच्या टर्मला माझं नाव महिला समन्वयक म्हणून सुचवायचं ठरत होतं. माझ्यासारखं कुणी पुढे आलं तर ग्रुपसाठीही चांगलंच. फक्त हे एवढं मिटवायला हवं. "मी टाइप करून ठेवलंय. तुम्हाला पाठवतो. तुम्ही फक्त ग्रुपवर फॉरवर्ड करा."

माझा फोन वाजला. मी वाचलं.

'माझ्या स्टेटसवर एक पोस्ट चुकून गेली. मी माझ्या व्यवसायात जात आणत नाही. माझ्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमा मागते.'

खाली हात जोडलेल्या दोन खुणा. खाली माझं पहिलं नाव. माझी माफीसुद्धा त्यांनीच लिहिली होती.

मी विचारलं, "दुखावलं कोण?"

"ते जाऊ द्या ना."

"नाही, नाव सांगा. मला देवघराबाहेर उभं केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मनावर घेऊ नका. आता माझ्या स्टेटसवर माझा फोटो आहे, तर कुणी कुणी मनावर घेतलंय?"

"मॅडम, तुम्ही विनाकारण तो विषय..." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "आवाज कमी ठेवा जरा. लोक आहेत."

मी उठले. म्हटलं, "बुधवारी सांगते."

बुधवारपर्यंतचे दिवस वाईट गेले. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. माझी निम्मी कामं त्या ग्रुपमधून यायची. रामसमुझचं घर त्यावर, त्याच्या दोन कारागिरांचं घर त्यावर. नवरा म्हणाला, "तू ठरव. पण ठरवलंस की मागे बघू नको." प्रज्ञा म्हणाली, "फॉरवर्ड कर आणि काम कर गं, तुझ्यावर माणसं अवलंबून आहेत." तिचंही खरं होतं. तो मेसेज मी किती वेळा उघडला असेन. एकदा बोट फॉरवर्डच्या बाणावर ठेवलं होतं. एवढीच गोष्ट होती. एक बाण दाबायचा.

मला अडवलं ते त्या शेवटच्या ओळीतल्या माझ्या नावाने. फक्त पहिलं नाव. आडनाव त्यांनीच कापलेलं.

बुधवार. हॉटेलातला तोच हॉल, टेबलं, इडलीची वाफ. माझी पाळी आली. मी उभी राहिले. टेबलाला धरून राहिले.

मी पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव. म्हटलं, "मी बौद्ध आहे. त्याआधी आमच्या आजोबांना गावात काय म्हणायचे ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी घरं सजवते. खारघरला मी एक देवघर डिझाइन केलं. माझं आडनाव कळल्यावर मला त्याला हात लावू दिला नाही. डिझाइन ठेवून घेतलं. ते काम मला ह्या ग्रुपमधून मिळालं, आणि मागे इथेच उभं राहून मी त्याचे आभार मानले. ते आभार मी आज परत घेते."

घंटा वाजली. मी थांबले नाही.

"मला माफी लिहून पाठवली गेली. मी ती पाठवणार नाही. मी काही चुकून टाकलेलं नाही. ते पोस्टर मी विचार करून टाकलं."

पुन्हा घंटा. अभिजित सर उभे राहिले होते. "मॅडम, प्लीज. ही जागा त्यासाठी नाही."

मी म्हटलं, "मग कुठली आहे ते सांगा. मी तिथे येऊन बोलते."

ट्रॅव्हलवाला छताकडे बघत होता. वकील बाईंनी फोन उलटा ठेवला. ग्रुपमधले एक ट्रान्सपोर्टवाले भाऊ होते, मूळचे साताऱ्याचे, माझ्याशी नेहमी प्रेमाने बोलायचे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, आणि ते तुटून आत पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं. संध्याकाळी कुणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवला. 'इंटिरिअर कॅटेगरीची जागा रिकामी आहे. चांगल्या, प्रोफेशनल माणसाची शिफारस करावी.' त्यावर अंगठ्यांची रांग. वैशालीचा मेसेज आला, 'तुम्ही आमच्या घराची बदनामी केलीत. मम्मींना बीपीचा त्रास आहे, काही झालं तर जबाबदार तुम्ही.' तिच्या बेडरूमचं उरलेलं काम तिने दुसऱ्याला दिलं. ठरलेली दोन किचनं हातची गेली. एकीने निदान फोन केला, दुसरीने फोन उचललाच नाही. रात्री ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंचाही फोन आला होता. "ताई, बरोबर बोललात तुम्ही. शंभर टक्के. फक्त मी असं म्हणालो हे कुठे सांगू नका."

मी म्हटलं, "भाऊ, मग फोन कशाला केलात?"

फोन कट झाला.

कामं हळूहळू आली. सगळी नाही. लातूरच्या फॅब्रिकेटरने पनवेलच्या एका दवाखान्याचं काम सुचवलं, ते मिळालं. आमच्या नेटवर्कमधली सगळी कामं मिळून जुन्या ग्रुपच्या निम्म्याचीही बरोबरी होत नाही. हे मी लपवत नाही. आमच्या माणसांकडे बिल्डर मित्र नाहीत, मामेबहिणी खारघरच्या वरच्या मजल्यावर राहत नाहीत. म्हणून तर हे नेटवर्क आहे.

तीन-चार महिन्यांनी अभिजित सरांचा फोन आला. आवाज तोच, मऊ. ग्रुपचा वर्धापनदिन होता, वरून कुणी मोठे पाहुणे येणार होते, सर्वसमावेशकतेवर चर्चा ठेवायची होती.

"मॅडम, झालं गेलं विसरून जाऊ. तुम्ही या. स्टेजवर बसा. आम्हाला आवडेल."

"मी विसरलेली नाही. आणि मी येणार नाही."

मग आवाजातला मऊपणा गेला. "ठीक आहे. पण मग बाहेर आमच्याविषयी बोलू नका. मला कळलंय, तुम्ही तुमच्या त्या ऑनलाइन मीटिंगमध्ये काय काय सांगता. हे लांबपर्यंत जातं. तुमच्याच धंद्याला त्रास होईल."

"सर, मी बोलणार. जिथे बोलावतील तिथे बोलणार."

"हे तुम्हाला महागात पडेल."

"पडलंय ते. अजून काय घेणार?"

फोन त्यांनी ठेवला.

त्याच रविवारी आमची सभा होती. नव्या माणसांची. पडद्यावर पुष्कळ चौकटी, त्यांतल्या बऱ्याचशा काळ्या. कॅमेरा बंद, नावाच्या जागी नुसतं एखादं अक्षर. नोकरीत आहेत, धंद्यात आहेत, कुणाला कळू नये म्हणून तसे येतात. मला माहीत आहे ते. मी कुणाला कॅमेरा लाव म्हणत नाही. ज्याचं त्याने ठरवायचं.

आमच्याकडे एक पद्धत पडलीय. कुणी आपल्यावर बेतलेलं सांगायला लागलं की सभा चालवणारा रेकॉर्डिंग बंद करतो. उद्या त्रास नको, नोकरीवर गदा नको, व्हिडिओ फिरायला नको. इतके महिने आम्ही एकमेकांना सगळं सांगितलं आणि ते सगळं त्या सकाळीच पुसलं गेलं. आई म्हणाली होती तेच. ज्यांना माहीत आहे त्यांनाच आम्ही सांगत होतो.

माझी वेळ आली. मी खारघरच्या त्या बिल्डिंगचं नाव घेतलं, मजला सांगितला, बोलायला सुरुवात केली. सभा चालवणाऱ्या मुलाने लगेच मध्ये थांबवलं, काळजीने.

"ताई, एक मिनिट. रेकॉर्डिंग बंद करतो."

मी म्हटलं, "नको. चालू राहू दे."